दहा ट्रक तांदळातला एक चणा

स्तनातली गाठ काढली. काखेतल्या ग्रंथी काढल्या, कडा स्वच्छ असल्याचा अहवाल आला, केमोचे सगळे डोस पार पडले, केस परत आले, घर रुळावर आलं. चार वर्षांनी पाठ धरली म्हणून तपासणी केली तर मणक्यात कॅन्सर. तोही हाडाचा नव्हे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर स्तनाच्याच पेशी. अशा वेळी घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, "पण डॉक्टर, गाठ तर समूळ काढली होती ना? मग हा तिथे पोचला कसा?"

पोचला रक्तातून, आणि बहुधा शस्त्रक्रियेच्या आधीच. गाठ वाढत असताना तिच्यातल्या काही पेशी सुटतात, शेजारच्या बारीक रक्तवाहिनीची भिंत ओलांडतात आणि प्रवाहात पडतात. बहुतेकींचा तिथेच शेवट होतो. प्रवाहाचा मार सोसत नाही, प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठतात, काही तासांत खेळ आटोपतो. अगदी थोड्या तगतात, दूरच्या अवयवात उतरतात, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि मग वाढू लागतात. या पसरण्याला डॉक्टर मेटास्टॅसिस म्हणतात. इंग्लंडचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि बी आणि मातीची उपमा दिली. बी सगळीकडे उधळलं जातं, रुजतं मात्र मानवणाऱ्या मातीत. कॅन्सरच्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू या पसरण्यामुळेच होतात.

हे बी रुजण्याआधी, वाटेतच, रक्तात असताना धरता आलं तर?

ते तिथे असतं हे तर दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे डॉक्टर थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी त्वचेखाली अनेक गाठी असलेल्या एका रुग्णाचं रक्त त्याच्या मृत्यूनंतर तपासलं. रक्त घेतलं होतं पायाच्या शिरेतून, तेही गाठी नसलेल्या, निरोगी पायाच्या. त्यात त्यांना गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. त्यांचा तर्क सरळ होता. या पेशी गाठीतून आल्या असतील, तर इथवर यायला त्यांनी रक्ताभिसरणाचा बराचसा मार्ग पार केला असला पाहिजे. अशा भटक्या कॅन्सरपेशींना आज 'सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल' किंवा थोडक्यात सीटीसी म्हणतात. अ‍ॅशवर्थ यांना त्या दिसल्या. हव्या तेव्हा, जिवंत रुग्णाच्या रक्तातून त्या वेगळ्या काढायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, कारण अडचण संख्येची होती.

निवडायला बसलं तर

एका मिलिलीटर रक्तात, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शात, सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. एक तांबडी पेशी म्हणजे तांदळाचा एक दाणा असं धरू. किलोभर तांदळात साधारण ५० हजार दाणे येतात. त्या हिशोबाने ५०० कोटी दाण्यांचे १०० टन होतात, दहा-दहा टनांचे दहा ट्रक. या तांदळात ५० लाखांच्या घरात वाटाणे मिसळले आहेत. या झाल्या पांढऱ्या पेशी. आणि दहाच्या दहा ट्रकांत मिळून एखाद-दुसरा काबुली चणा आहे. तो हुडकायचा.

तांदूळ बाजूला करणं त्यातल्या त्यात सोपं. खरा घोळ वाटाण्यांचा आहे, कारण मोठा वाटाणा आणि लहान चणा जवळजवळ सारखेच दिसतात. प्रयोगशाळेतली नेहमीची युक्ती, म्हणजे रक्ताची नळी गरागरा फिरवून वजनाप्रमाणे थर पाडणं, इथे थिटी पडते. पांढऱ्या पेशी आणि कॅन्सरपेशी त्याच एका पातळ पांढुरक्या थरात येऊन बसतात, आणि थर उचलताना मोजक्या पेशींतल्या काही हातच्या निसटतात. दहातल्या दोन गेल्या तरी नुकसान मोठं.

मग चाळणी? बारीक छिद्रांच्या चाळण्या वापरून पाहिल्या गेल्या, आजही वापरल्या जातात. पण पेशी खड्यासारखी टणक नसते, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी असते. दाब वाढला की मोठी पेशीही अंग चोरून छिद्रातून पार होते, नाहीतर फाटते. आणि छिद्रं एकदा तुंबली की सगळंच अडतं.

चौकट : एका मिलिलीटर रक्तात काय असतं?

*तांबड्या पेशी* : सुमारे ५०० कोटी. व्यास ७ ते ८ मायक्रॉन, आकार मध्ये दबलेल्या चकतीसारखा.
*प्लेटलेट* : १५ ते ४५ कोटी. २ ते ३ मायक्रॉन.
*पांढऱ्या पेशी* : ४० लाख ते १ कोटी १० लाख. साधारण ८ ते १५ मायक्रॉन.
*भटक्या कॅन्सरपेशी* : पसरलेल्या कॅन्सरमध्येही बहुधा दहाच्या आत, पुष्कळदा एकही नाही. साधारण १२ ते २५ मायक्रॉन.
१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

आधी चुंबक आला

पहिली मान्यताप्राप्त यंत्रणा आली ती चुंबकाच्या जोरावर. स्तन, फुप्फुस, आतडी, प्रोस्टेट यांचे बहुतेक कॅन्सर अवयवांच्या अस्तराच्या पेशींतून उगवतात. या पेशींच्या पृष्ठभागावर 'एपकॅम' नावाचं प्रथिन असतं. शेजारच्या पेशीला धरून राहायला ते उपयोगी पडतं. रक्ताच्या स्वतःच्या पेशींवर ते नसतं. म्हणून एपकॅमलाच चिकटणारी अँटिबॉडी लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवायची, ते कण रक्तात मिसळायचे आणि बाहेरून चुंबक लावायचा. एपकॅम असलेली पेशी कणांसकट ओढली जाते. 'सेलसर्च' या नावाच्या या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये परवानगी दिली. साडेसात मिलिलीटर रक्तात किती सीटीसी आहेत, तो आकडा ती देते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा आकडा किती बोलका आहे ते दाखवलं. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या १७७ स्त्रियांत, उपचार सुरू होण्याआधी साडेसात मिलिलीटरमध्ये पाच किंवा अधिक सीटीसी असलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान १०.१ महिने निघालं. पाचाहून कमी असलेल्या गटाचं १८ महिन्यांच्या पुढे.

या पद्धतीच्या दोन मर्यादा मात्र पुढच्या सगळ्या संशोधनाला कारण ठरल्या. रक्त टिकवण्याच्या द्रवात पेशी मरतात. त्या मोजता येतात, पण वाढवून त्यांच्यावर औषध तपासता येत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर. गाठ सोडून निघालेल्या काही कॅन्सरपेशी वाटेत आपलं एपकॅम कमी करतात किंवा टाकूनच देतात. शेजाऱ्याला धरून राहण्याची गरज संपलेली असते, भटकायला ते अडचणीचंच. म्हणजे ज्या पेशी पसरण्यात पटाईत, त्याच गळाला न लागण्याची भीती.

केसाएवढ्या नाल्यांतलं पाणी

इथे मायक्रोफ्लुइडिक्स कामाला येतं. केसाच्या जाडीच्या नाल्यांतून द्रव खेळवण्याचं हे शास्त्र आहे. नाल्या कोरलेला काचेच्या पट्टीएवढा तुकडा म्हणजे चिप.

एवढ्या अरुंद जागेत पाणी आपल्या ओळखीच्या पाण्यासारखं वागत नाही. नळाखालच्या बादलीत खळबळ असते, भोवरे असतात. केसाएवढ्या नालीत द्रवाचा चिकटपणा वेगावर मात करतो आणि पाणी काकवीसारखं, थरावर थर सरकत, शिस्तीत चालतं. लाल आणि निळं पाणी एका नालीत शेजारी शेजारी सोडलं तर दोन्ही रंग बराच वेळ न मिसळता, मध्ये रेघ आखल्यासारखे वाहत राहतात. म्हणजे पेशी कोणत्या पट्ट्यातून जाईल हे आधी गणिताने ठरवता येतं. एकदा ते ठरवता आलं की पेशीला न ओढता, न दाबता, तिच्या स्वतःच्या आकारानेच तिला बाजूला काढता येतं. या शास्त्राचं सगळं बळ इथे आहे.

चिप बनते ती मोदकाच्या साच्याच्या पद्धतीने. नाल्यांचा उलटा उठाव असलेला साचा सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या मदतीने घडवतात, संगणकाच्या चिपसाठी घडवतात तसाच. त्यावर पारदर्शक सिलिकोन रबराचा पाकासारखा घट्ट द्रव ओततात, भट्टीत तापवून जमवतात आणि सोलून काढतात. खालच्या बाजूला नाल्या उमटलेल्या असतात. तो तुकडा काचेवर चिकटवला की नाल्यांना तळ मिळतो. एक साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो, त्यामुळे नवा आराखडा सुचला तर चार-आठ दिवसांत हातात येतो. १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने ही पद्धत रूढ केली आणि कितीतरी लहान प्रयोगशाळांना या कामात उतरता आलं.

खांबांचं जंगल

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सुनीता नागरथ, मेहमत टोनर, डॅनियल हेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सीटीसी-चिप' प्रसिद्ध केली. त्यांची पहिली चिप रबराची नव्हती, थेट सिलिकॉनमध्ये कोरलेली होती. बोटभर जागेत ७८ हजार सूक्ष्म खांब, प्रत्येकाची उंची १०० मायक्रॉन, दोन खांबांतलं अंतर ५० मायक्रॉन. प्रत्येक खांबावर एपकॅम धरणाऱ्या अँटिबॉडीचा लेप.

खांब सरळ रांगेत असते तर पेशी गल्लीतून चालत सुटावी तशी एकाही खांबाला न शिवता निघून गेली असती. म्हणून दर तीन ओळींनंतर मांडणी थोडी सरकवलेली असते आणि पेशीला कुठे ना कुठे खांब घासावाच लागतो. वेगही जपावा लागतो. रक्त जोरात ढकललं तर चिकटलेली पेशी उखडून जाते. म्हणून तासाला एक ते दोन मिलिलीटर एवढीच चाल. पंपाची सिरिंज हलतेय की नाही हे डोळ्यांना कळतही नाही.

या चिपवर पाहणं म्हणजे काय असतं? तीन रंग वापरतात. केंद्रक निळं दिसावं असा एक, अस्तराच्या पेशीतलं केराटिन दाखवणारा दुसरा, पांढऱ्या पेशीची खूण दाखवणारा तिसरा. काळ्या पार्श्वभूमीवर खांबांच्या फिकट कडा दिसतात, त्यांना लागून इथे तिथे पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. आणि मध्येच एका खांबाला बिलगलेली, शेजारणींपेक्षा ठसठशीत, निळं केंद्रक आणि भोवती केराटिनचं कडं असलेली पेशी. पांढऱ्या पेशीची खूण तिच्यावर नाही. हीच ती.

त्या पहिल्या अभ्यासात पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांच्या ११६ नमुन्यांपैकी ११५ मध्ये सीटीसी सापडल्या. मुख्य म्हणजे त्या जिवंत होत्या.

तिरप्या खांबांची किमया

खांबांवर काहीही न लावता, निव्वळ मांडणीने पेशी वेगळ्या करता येतात, हे त्याआधी २००४ मध्येच प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं होतं. या लेखातली सगळ्यात देखणी कल्पना हीच, त्यामुळे तिच्यापाशी थोडं थांबलं पाहिजे.

खांबांच्या ओळी एकामागून एक आहेत. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित एका बाजूला, समजा उजवीकडे, सरकलेली. दोन खांबांमधून येणारा प्रवाह पुढच्या खांबावर येऊन फाटतो. त्यातला अगदी कडेचा बारीक पट्टा खांबाच्या डावीकडून जातो, उरलेला सगळा उजवीकडून. आता लहान पेशी, समजा तांबडी, या बारीक पट्ट्यात पूर्ण मावते. पट्टा जाईल तशी ती जाते, कधी खांबाच्या या बाजूने, कधी त्या बाजूने, वळसे घेत, पण एकंदरीत नाकासमोर. मोठी पेशी त्या पट्ट्यात मावतच नाही. तिचं अंग खांबाला टेकतं तेव्हाही तिचा मध्य शेजारच्या रुंद पट्ट्यात असतो, म्हणून ती खांबाच्या उजवीकडून जाते. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. प्रत्येक ओळीत एक पाऊल उजवीकडे. शंभर ओळी संपेपर्यंत मोठ्या पेशी एका काठाला जमलेल्या असतात आणि लहान जिथल्या तिथे.

चाळणीत आणि यात मोठा फरक आहे. इथली फट सगळ्यात मोठ्या पेशीपेक्षाही मोठी असते. कुणी अडत नाही, कुणी चेंगरत नाही, सगळ्या पार होतात, फक्त वेगवेगळ्या दारांनी. कोणत्या आकारापासून पेशी 'मोठी' धरायची हे दोन खांबांतलं अंतर आणि ओळींचा तिरपेपणा यांवर ठरतं, आणि ते आराखडा काढतानाच निश्चित करता येतं.

चहाच्या कपातली चक्री

चहा न गाळता कपात ओतला आणि चमच्याने ढवळला, तर तळाशी बसणारी पूड कुठे जमते? गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते, म्हणजे ती कडेला जायला हवी. प्रत्यक्षात ती मधोमध गोळा होते. याचं कारण आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये एका लेखात समजावून सांगितलं. वरचा चहा जोरात फिरतो आणि बाहेर लोटला जातो. तळाशी घासल्यामुळे खालचा चहा मंद असतो. म्हणून वरचा चहा कडेला जाऊन खाली उतरतो आणि तळावरून मध्याकडे परततो, येताना पूड झाडून आणतो. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि वाळू आतल्या काठाला साचते, तीही अशीच.

वळणदार नालीत द्रव वेगाने सोडला की हेच घडतं. मधला वेगवान द्रव बाहेरच्या भिंतीकडे लोटला जातो आणि वरच्या-खालच्या अंगाने आत परततो, त्यातून दोन चक्र्या तयार होतात. ब्रिटिश गणिती विल्यम डीन यांनी १९२० च्या दशकात त्यांचं गणित मांडलं.

याच्या जोडीला दुसरं एक बळ असतं. वाहत्या द्रवातले कण भिंतीला चिकटून राहत नाहीत आणि मधोमधही राहत नाहीत, अधल्यामधल्या एका जागी स्थिरावतात. हे इस्रायलमध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये पाहिलं. हे जागेवर आणणारं बळ आकाराबरोबर झपाट्याने वाढतं. पेशी दुप्पट मोठी असेल तर ते साधारण सोळापट होतं. चक्रीची ओढ मात्र दुप्पटच होते. मग लहान पेशी चक्रीबरोबर फिरत बाहेरच्या काठाला जातात, मोठ्या कॅन्सरपेशी आतल्या भिंतीजवळ ठाण मांडून बसतात. चकलीसारख्या गुंडाळलेल्या नालीच्या शेवटी दोन तोंडं ठेवली की काम झालं.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात लिम च्वी टेक यांच्या गटाने ही सर्पिल चिप विकसित केली. खांबांच्या जंगलाला जिथे तासन् तास लागतात, तिथे तिची सुधारलेली आवृत्ती साडेसात मिलिलीटर रक्ताचं काम आठेक मिनिटांत उरकते. त्यासाठी तांबड्या पेशी आधी रसायनाने फोडून टाकाव्या लागतात, आणि मोठ्या पांढऱ्या पेशी थोड्याफार सोबत येतातच. आकारावर विसंबलेल्या प्रत्येक पद्धतीत ही खोट राहते. मोठा वाटाणा आणि लहान चणा यांची गफलत इथेही सुटत नाही.

ओळखीच्या माणसांना आधी बाहेर काढा

बॉस्टनच्या गटाने २०१३ मध्ये यावर वेगळा विचार मांडला. कॅन्सरपेशी वेष बदलते, पांढरी पेशी बदलत नाही. मग अनोळखी पेशीला शोधण्यापेक्षा ओळखीच्यांनाच वेगळं काढलं तर जे उरेल तेच हवं असलेलं.

'सीटीसी-आयचिप' या त्यांच्या यंत्रणेत आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर चुंबकीय मणी चिकटवतात. पहिल्या टप्प्यात तिरपे खांब तांबड्या पेशी आणि प्लेटलेट बाजूला काढतात. दुसऱ्यात नागमोडी नाली उरलेल्या पेशींना एका मागोमाग एक अशा ओळीत आणते, रेशनच्या रांगेसारखी. तिसऱ्यात शेजारी चुंबक असतो. पेशी एकेकट्या असल्यामुळे थोडे मणी असलेली पांढरी पेशीसुद्धा अचूक ओढली जाते. मणी नसलेली पेशी, मग तिच्यावर एपकॅम असो वा नसो, सरळ पुढे जाते, आणि कुणाचा हात न लागलेली, जिवंत मिळते. सेकंदाला १ कोटी पेशी या चिपमधून जातात. तेवढ्या वेगानेही एक मिलिलीटर रक्ताला आठ मिनिटांच्या वर लागतात, यावरून ५०० कोटी म्हणजे काय ते कळावं.

आणखीही वाटा आहेत. कुणी ध्वनिलहरींनी पेशी ढकलतं, कुणी विद्युत क्षेत्राने. ब्रिटनमधल्या एका कंपनीच्या 'पार्सोर्टिक्स' यंत्रात रक्त पायऱ्यापायऱ्यांनी अरुंद होत जाणाऱ्या फटीतून जातं. मोठ्या, कमी लवचीक पेशी शेवटच्या पायरीवर अडकतात आणि मग प्रवाह उलटा फिरवून त्या धुऊन घेतात. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

सापडल्या, पुढे काय?

सीटीसी कमी-जास्त होणं आजाराची चाल सांगतं, मग आकडा उतरला नाही तर औषध लगेच बदलावं, असं वाटणं साहजिक होतं. अमेरिकेत मोठी चाचणी घेऊन हे तपासलं गेलं. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या स्त्रियांत केमोच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा चढाच राहिला, त्यांतल्या निम्म्यांचं केमोचं औषध बदललं, बाकीच्यांचं तेच ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. आकडा धोका बरोबर सांगत होता, पण बदलून दिलेलं औषधही त्या पेशींवर चालत नव्हतं.

म्हणून मोजणीपेक्षा जिवंत पेशी हाती येणं मोलाचं. मणक्यातून किंवा फुप्फुसातून पुन्हा पुन्हा तुकडा काढणं रुग्णाला सोसत नाही. हातातून रक्ताची नळी घेणं सोसतं. बॉस्टनमध्येच २०१४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या सहा रुग्णांच्या रक्तातून मिळालेल्या सीटीसी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि त्यांच्यावर औषधं लावून पाहिली गेली. सहा हा आकडा लहान आहे. बहुतेक रुग्णांच्या पेशी काचेच्या बशीत जगत नाहीत. दिशा मात्र हीच आहे.

महाराष्ट्रातही या पेशींवर काम चालतं, चिपऐवजी इतर मार्गांनी. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस इनोव्हेशन्सची 'ऑन्कोडिस्कव्हर' तपासणी एपकॅमच्या अँटिबॉडी बसवलेल्या चुंबकीय कणांवर बेतलेली आहे आणि तिला भारताच्या औषध महानियंत्रकांची मान्यता आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या, स्तनाचा कॅन्सर लवकर ओळखू पाहणाऱ्या रक्ततपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे पुढची छाननी प्राधान्याने करण्याची तयारी. वापराची अंतिम परवानगी वेगळी असते, हे अशा बातम्या वाचताना वाचकाने ध्यानात ठेवलेलं बरं.

कारण लवकर निदानाची गोष्ट फार अवघड आहे. समजा दहा मिलिलीटर रक्तात सरासरी एक सीटीसी आहे. म्हणजे अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून अशा ५०० पेशी फिरताहेत. साडेसात मिलिलीटरची नळी घेतली, तर तिच्यात एकही पेशी न येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. चिप कितीही अचूक असो, नळीत जे आलंच नाही ते ती कुठून शोधणार? म्हणून ठणठणीत माणसाने सीटीसीचा आकडा शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि मॅमोग्राफी किंवा तोंडाची तपासणी टाळू नये.

पहाटे चारचं रक्त

चिपमुळे ज्या गोष्टी नीट अभ्यासता आल्या, त्यांतली एक म्हणजे पेशींचे पुंजके. काही सीटीसी एकट्या फिरत नाहीत, दोन-चार किंवा अधिक जणी एकमेकींना धरून जातात. स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे निकोला आचेतो तेव्हा बॉस्टनच्या गटात होते. त्यांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की असा पुंजका एकट्या पेशीच्या तुलनेत २३ ते ५० पटींनी अधिक रुजतो. पुंजके नाजूक असतात. नेहमीच्या प्रक्रियेत ते फुटून जातात, चिपच्या मंद प्रवाहात टिकतात.

आचेतो यांच्याच झुरिकमधल्या गटाने २०२२ मध्ये आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३० स्त्रियांचं रक्त त्यांनी पहाटे ४ वाजता आणि सकाळी १० वाजता घेतलं. सापडलेल्या सीटीसींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पहाटेच्या नमुन्यांत होत्या. रुग्ण झोपेत असताना गाठ अधिक पेशी सोडते, आणि उंदरांत त्या झोपेतल्या पेशी रुजायलाही अधिक तयार दिसल्या. जगभरात रक्त घेतलं जातं ते मात्र बहुतेक दिवसा, तंत्रज्ञांच्या कामाच्या वेळेत.

मग या पुंजक्यांची पकड सोडवता येईल का? पेशीतलं सोडियम-पोटॅशियमचं संतुलन बिघडवलं तर पुंजके विस्कटतात, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. ते बिघडवणारं एक औषध वैद्यकाच्या जुन्या ओळखीचं आहे. डिजिटॅलिस या फुलझाडापासून मिळणारं, हृदयाच्या रुग्णांना पिढ्यान् पिढ्या दिलं जाणारं डिगॉक्सिन. रक्तात पुंजके असलेल्या नऊ स्त्रियांना ते ठरावीक काळ देऊन पाहिलं गेलं. २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दर पुंजक्यामागे सरासरी २.२ पेशी कमी झाल्या. नऊ स्त्रियांच्या या छोट्या चाचणीत, पुंजके लहान झाल्याने कॅन्सर पसरणं खरोखर कमी होतं का, हे तपासलेलं नव्हतं. त्यासाठी कित्येक पट मोठी चाचणी लागेल, आणि त्यातल्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताची नळी पुन्हा पुन्हा अशाच एखाद्या चिपमधून जाईल.